आवश्यक नाही

६ मार्च

बारक्या,

फाडून टाकण्याआधी एवढी एक ओळ वाच. आई पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती ठीक आहे. आता फाडायचं तर फाड.

फोन तू उचलत नाहीस. सात वर्षांत माझा नंबर तुझ्याकडे नुसता वाजतो की वाजतही नाही, तेसुद्धा मला ठाऊक नाही. आईचा मोबाइल तिच्याबरोबरच पडून फुटला, म्हणून या रविवारी तुला तिचा आवाज ऐकायला मिळाला नसेल. तुझा पत्ता मी तिच्या पर्समधल्या वहीतून घेतला, तिला न विचारता. तेही सांगून टाकते, नाहीतर तुझ्या डोक्यात उगाच काहीतरी यायचं.

पडली ती बाथरूममध्ये. शेजारच्या शिंपीणबाईंनी भिंतीतून आवाज ऐकला म्हणून बरं. तीन तारखेला हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, आमच्याच हॉस्पिटलमध्ये. तू विचारशील, दुसरीकडे का नाही नेलंस? बावीस वर्षं मी इथल्या औषधविभागात आहे. खाली माझा विभाग, वर तिचा वॉर्ड. माझ्या नजरेखाली राहील असं वाटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ऑपरेशननंतर पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं एक इंजेक्शन देतात, पोटावर. काल दुपारी त्या वेळेला काय झालं ते आईच्याच शब्दांत सांगते.

"अगं, ती नवी सिस्टर सुई भरून आली. पोटाला कापूस लावला. मग हातातल्या बाटलीकडे बघितलं आणि चेहरा असा उतरला की मला वाटलं, हिच्या घरून काही वाईट कळलं की काय. 'आलेच हं आजी' म्हणाली आणि पळाली. सुई घेऊनच गं! अर्ध्या तासानं आली ती दुसरी सुई घेऊन. मधल्या वेळात तीन जण 'कसं वाटतंय' विचारून गेले. मला इथे एकदा पाणी हवं तर चारदा घंटी वाजवावी लागते, आणि फुकटात तीन जण?"

मी म्हटलं, असेल काहीतरी, सुई बोथट असेल.

"तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले मी," ती म्हणाली. "लाइनवर कोण काय बोलतं त्याच्या आधी कोण गप्प बसतं ते कळायचं मला." मग डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "तुला माहीत असेलच म्हणा. तू त्यांच्यातली."

हे तुझे शब्द आहेत. तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

मला खरंच काही माहीत नाही, बारक्या. पाणी कुठेतरी मुरतंय एवढं कळतंय. आणि पाणी कुठे मुरतंय हे हुंगून काढण्यात तुझ्यासारखा दुसरा कुणी मला माहीत नाही. म्हणून लिहिलं. उत्तराची अपेक्षा नाही.

ताई


९ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितेय. दुसऱ्या कुणाशी हे बोलता येत नाही.

तीन दिवस झाले, मी वॉर्डात पाय ठेवला की तिथलं बोलणं थांबतं. औषधांच्या ट्रॉलीजवळ चौघी हसत असतात, मला बघून एक कपाटाकडे वळते, एक चादरी मोजायला लागते. आधी मला वाटलं, डोक्यात बसलंय म्हणून तसं दिसतंय. म्हणून काल मागच्या जिन्यानं गेले, न सांगता. तेव्हाही तेच.

इन्चार्ज बाईंच्या टेबलावर एक पिवळा कागद होता. मी जवळ जाताच त्यांनी त्यावर हात ठेवला. पिवळा कागद म्हणजे काय ते तुला सांगायला हवं. एखादी चूक घडता घडता राहिली, पेशंटपर्यंत पोहोचायच्या आत कुणाच्या लक्षात आली, तर ती त्यावर लिहितात. म्हणजे निदान लिहायला हवी. मी विचारलं, "कुणाचं आहे?" त्या म्हणाल्या, "काही नाही हो मॅडम, नेहमीचंच. तुम्ही जेवलात का?" एकवीस वर्षांच्या ओळखीत या बाईंनी मला जेवलात का असं कधी विचारलेलं नाही.

नव्या सिस्टरला मी लिफ्टपाशी गाठलं. आठ महिने झालेत तिला लागून. "त्या दिवशी माझ्या आईला तू काय दिलंस?" सरळच विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "जे लिहिलं होतं तेच दिलं, मॅडम. देवाशप्पथ." "आणि आधीची सुई?" "इन्चार्ज बाईंना विचारा," म्हणाली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं पळाली. ज्यानं काही केलं नाही तो जिन्यानं कशाला पळेल?

मला काय वाटतंय ते लिहून ठेवते. तिनं पहिली सुई अर्धी तरी दिली असणार. काहीतरी भलतं होतं. आता सगळ्या मिळून तिच्यावर पांघरूण घालतायत. आईचा चार्ट मी दोनदा वाचला, तो स्वच्छ आहे. इतका स्वच्छ चार्ट मला आवडत नाही.

आणि खाली माझ्या विभागातसुद्धा कुणीतरी फितूर आहे. माझा असिस्टंट चाळिशी उलटलेला, तीन मुलांचा बाप, तोंडाला कुलूप नसलेला माणूस. गेले चार दिवस मुका झालाय. आज मी त्याला म्हटलं, वॉर्डात काय शिजतंय, तुला काही कळलंय का? तर बाटल्या रचता रचता म्हणतो, "मॅडम, जाऊ द्या ना. आई बऱ्या आहेत, तेवढं पुरे." त्याला कुणी सांगितलं जाऊ द्यायला?

उद्या तो पिवळा कागद मी बघणार. अधिकार आहे मला. असे कागद तपासणाऱ्या समितीवर मी आहे.

ताई


१२ मार्च

बारक्या,

तुझं पाकीट काल मिळालं. चार ओळी, पण तुझं अक्षर ओळखलं. तू लिहितोस, "तुमच्या हॉस्पिटलात काय चालतं ते मला काय विचारतेस? सात वर्षांपूर्वी मी तुला विचारलं होतं." त्याचं उत्तर आज देत नाही.

आईची काळजी करू नकोस. छडा लागला. रक्त पातळ करायच्या त्या इंजेक्शनच्या दोन ताकदीच्या बाटल्या येतात, एकाच कंपनीच्या, सारख्याच निळ्या टोपणाच्या. आईच्या औषधांच्या पाकिटात पाचपट ताकदीची गेली होती. नव्या सिस्टरनं टोचायच्या आधी लेबल पुन्हा वाचलं, तिला ते दिसलं आणि ती थांबली. थेंबभरही आत गेलं नाही. बाटली बदलून झाली, कागद भरला गेला, विषय मिटला. त्या मुलीवर मी नाही नाही ते आरोप करत होते ते चूक होतं, हे कबूल.

कागदावर खाली एक प्रश्न असतो: रुग्णाला सांगितले का? त्यापुढे तीन चौकोन आहेत. हो, नाही, आवश्यक नाही. तिसऱ्यावर खूण होती. ती बरोबरच आहे. आमचा नियमच आहे की, जी चूक पेशंटपर्यंत पोहोचली नाही ती त्याला सांगायची गरज नाही. महिन्याला अशा पंचवीस-तीस तरी होतात. प्रत्येक वेळी खाटेपाशी जाऊन "आजोबा, आज तुम्ही थोडक्यात वाचलात" असं सांगायला लागलो तर औषधाआधी माणूस भीतीनंच जायचा. हा नियम कुणी आकाशातून टाकलेला नाही. आम्ही पाच जणांनी दोन दुपारी भांडून तो केला. मसुदा माझा होता.

म्हणून आईला मी काही सांगितलेलं नाही. सुईची पिन वाकडी होती म्हणून बदलली, असं सांगितलं. ती "हं" म्हणाली. आता इंजेक्शन बंद करून गोळ्या सुरू केल्यात, सकाळी एक, संध्याकाळी एक. मुकाट्यानं घेते. कटकट नाही, "ही कशाची?" नाही. इतकी शहाण्यासारखी वागतेय की मलाच चुकल्यासारखं वाटतं. काल मला म्हणाली, "माझी कपाटाची किल्ली शिंपीणबाईंकडे आहे, लक्षात ठेव." मी म्हटलं, आठवड्यानं घरी जायचंय तुला, किल्ल्या कसल्या वाटतेस? तर माझ्याकडे बघत राहिली, एखादा खोटं बोलणारा माणूस किती वेळ टिकतो ते बघावं तसं.

तू वॉर्डच्या फोनवर तिच्याशी बोललास असं कळलं. काय बोललात ते तिनं सांगितलं नाही.

ताई


१६ मार्च

बारक्या,

तुझं दुसरं पत्र तीनच शब्दांचं. "गेली म्हणजे चालत?"

सकाळपासून ते पत्र एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. बरोबर पकडलंस. तू लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, तुला बटण कुणी दाबलं ते आधी हवं असतं. म्हणून आता नीट लिहिते.

ती बाटली मी पाठवली. माझ्या हातानं.

पाच तारखेला सकाळी आईची औषधं पाकिटात भरायला मी स्वतः बसले. आमच्याकडे एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, असा शिरस्ता आहे. तपासल्याशिवाय कुठलंही पाकीट वर जात नाही. असिस्टंट म्हणाला, "मॅडम, मी एकदा बघू?" मी म्हटलं, "माझ्या आईचं औषध आता तू तपासणार?" तो हसला, मीही हसले, आणि तपासणाऱ्याच्या जागीही मीच सही ठोकली. पाकिटावर माझ्या दोन सह्या आहेत. एक भरणारीची, एक तपासणारीची.

म्हणजे वॉर्डात मला बघून सगळ्या गप्प का व्हायच्या ते कळलं ना? मी चोर शोधत फिरत होते आणि त्या मला तोंड कसं दाखवायचं या पेचात होत्या. इन्चार्ज बाई म्हणाल्या, "तुमचीच आई, तुमचीच सही. कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि तुमच्याच नियमानं सांगायची गरज नव्हती." मी दहा तारखेला तो कागद वाचला तेव्हाच मला हे सगळं कळलं होतं. बारा तारखेला तुला लिहिताना "गेली", "झालं", "मिटला" असं लिहिलं. लाज वाटली म्हणून. तू ते पत्र ठेवलं असशील तर पुन्हा वाच, त्यात मी कुठेच नाही.

आता वाईट भाग. घाबरू नकोस, शेवट बरा आहे.

तेरा तारखेला सकाळी आईचा डावा पाय सुजलेला दिसला. पोटरी दगडासारखी, हात लावला तर ओरडली. तपासणीत पोटरीच्या शिरेत गाठ निघाली. हाडांचे डॉक्टर चक्रावले. "गोळ्या चालू असताना कशी झाली?" मीही चक्रावले. पुन्हा कुणीतरी घोळ घातला असं आधी मनात आलं. आपली चूक कळून तीन दिवसही झाले नव्हते, आणि बोट लगेच दुसऱ्याकडे.

दुपारी तिच्या केसांना तेल लावायला बाटली शोधत होते. तिच्या चष्म्याचं घर हाताला लागलं, आत काहीतरी खुळखुळलं. दहा गोळ्या होत्या. पाच दिवसांच्या. सिस्टरसमोर जिभेखाली धरायची आणि पाठ वळली की काढून ठेवायची.

मी विचारलं, "आई, हे काय?"

"मला काय देताय ते तुम्ही कुणी सांगत नाही," ती म्हणाली. अगदी शांतपणे. "सुई घेऊन ती पोर पळते, डॉक्टर हसून बोलतात, तू रोज दोनदा येतेस आणि नजर चुकवतेस. मला काहीतरी मोठं झालंय आणि तुम्ही लपवताय, नाहीतर मला काहीतरी भलतं दिलंय आणि तुम्ही लपवताय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी आता तुमच्या हातचं काही घेणार नाही."

तेव्हा सांगितलं. खाटेच्या कडेवर बसून, आधी हाताची घडी घातली होती ती सोडवून. बाटली, ताकद, दोन सह्या, पिवळा कागद, तिसरा चौकोन, पिन वाकडी होती हे खोटं.  संपल्यावर ती म्हणाली, "त्या पोरीनं बघितलं नसतं तर?"

"कदाचित रक्त थांबलं नसतं."

"कदाचित की नक्की?"

"माहीत नाही, आई. बहुतेक."

"म्हणजे कर्करोग नाही मला?"

मी नाही म्हटलं. ती रडली. आठ दिवस ही बाई मरणाची तयारी करत होती, बारक्या. कुणाला काय द्यायचं ते ठरवून मोकळी झाली होती. तुला फोनवर तेच सांगितलं होतं ना? आता कळलं मला.

मग तिनं नव्या सिस्टरला बोलावणं धाडलं. ती बिचारी आली. आईनं तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "नाव सांगू नकोस, विसरेन मी. पण यापुढे मला टोचायचं ते तूच. आणि आधी मोठ्यानं वाचून दाखवायचं." तेव्हापासून रोज वाचून दाखवणं चालू आहे. शेजारच्या खाटेवरची म्हातारीही आता कान देऊन ऐकते आणि "माझंही वाच गं" म्हणते.

गाठीवर मोठ्या मात्रेत औषध सुरू आहे. सूज उतरतेय. डॉक्टर म्हणतात, गाठ वर सरकली नाही हे नशीब. तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतील.

माझी चूक आईपर्यंत पोहोचली नव्हती हे खरंच आहे. तिच्या पायात गाठ झाली ती माझ्या गप्प बसण्यानं. त्याचा पिवळा कागद नसतो.

माझ्याशी मात्र ती दोन दिवस बोलली नाही.

ताई


१९ मार्च

बारक्या,

तू येतोस असं आईनं सांगितलं. चोवीसला. तू येण्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून मुद्दाम कुरियरनं पाठवतेय. समोर बसून मला हे पहिल्यांदा सांगता येणार नाही.

बाबांच्या वेळचं. तू विचारलं होतंस ते.

बाबा जाण्याच्या चार दिवस आधी त्यांना रक्त चढवायचं होतं. तू खाली औषधांच्या खिडकीपाशी गेला होतास. रक्ताची पिशवी आणली, लटकवली. नळी जोडायच्या आधी दोघींनी मिळून नंबर वाचायचा असतो, तो वाचताना कळलं की पिशवी पलीकडच्या खोलीतल्या माणसाची आहे. रक्ताचा गट वेगळा. मी तिथेच होते. पिशवी काढली, आणि तेवढ्यात तू दारात आलास. सिस्टर ती झाकून नेत होती ते तू पाहिलंस, आणि आम्ही दोघी कुजबुजत होतो तेही.

"काय झालं?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "काही नाही. पिशवी फार गार होती, बदलायला नेली."

तुझा चेहरा मला अजून दिसतो. विश्वास ठेवावासा वाटत होता तुला. दहा मिनिटांनी बरोबर पिशवी आली आणि चढवली. ते रक्त बाबांना मानवलं. चार दिवसांनी ते गेले ते त्यांच्या आजारानं. त्यात त्या पिशवीचा काही संबंध नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. तरी माझ्या छातीला तुझ्या लेखी काय किंमत आहे ते मला माहीत आहे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. दारातच. "चुकीची पिशवी आली होती, लावण्याआधी कळलं, परत पाठवली." तू संतापला असतास, दोन दिवस सगळ्यांना फैलावर घेतलं असतंस, आणि मग पुढच्या पिशव्यांचे नंबर स्वतः वाचत बसला असतास. याहून वाईट काही झालं नसतं. पण मला वाटलं, बाबांची ही अवस्था, त्यात हा तमाशा करेल. आणि खरं सांगायचं तर, माझ्या हॉस्पिटलबद्दल माझ्या घरात कुणी वाईट बोलू नये, असंही वाटलं.

बाबा गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तू पुन्हा विचारलंस, सगळ्यांसमोर. "ती पिशवी का परत गेली?" मी म्हटलं, "कुठली पिशवी? दुःखानं तुला भ्रम झालाय." काकांनी तुला खांद्याला धरून बाहेर नेलं. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस.

भ्रम नव्हता. तू जे पाहिलंस ते पाहिलंस.

चोवीसला स्टेशनवर येऊ का ते कळव. नाही कळवलंस तर येणार नाही.

ताई


६ एप्रिल

बारक्या,

आई आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. तू बसवून गेलास तो बाथरूमचा दांडा तिला फार आवडलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला हलवून दाखवते. "माझ्या लेकानं लावलाय, हत्ती लटकला तरी निघायचा नाही."

परवा समिती बसली. बराच वाद झाला. शेवटी एवढं ठरलं की पेशंटनं किंवा नातेवाइकानं काही पाहिलं असेल, किंवा त्याला शंका आली असेल, तर त्याच दिवशी सांगायचं, आणि ज्याच्या हातून झालं त्यानंच जाऊन सांगायचं. ज्यांना काहीच कळलं नाही त्यांचं काय, यावर एकमत झालं नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "स्वतःच्या समाधानासाठी दुसऱ्याची झोप उडवायची का?" मी सांगायच्या बाजूनं हात वर केला, पण खात्रीनं नाही. गेल्या आठवड्यात एका ट्रकवाल्याला मी सांगितलं, शेजारच्याची गोळी तुमच्या वाटीत आली होती, वेळेत काढली. त्यानं ऐकून घेतलं आणि तासाभरात सामान आवरून दुसऱ्या हॉस्पिटलात निघून गेला. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

तू इथे होतास त्या दिवसांत पिशवीची गोष्ट मला तीनदा सांगायला लावलीस. एकदा सुरुवातीपासून, एकदा शेवटाकडून, एकदा मध्येच "पिशवी कुठल्या हातात होती तिच्या?" असं. माझं उत्तर बदलतं का ते तू बघत होतास. मला राग आला नाही. मग म्हणालास, "बाबांचे कागद बघायचेत." आपण दोघं रेकॉर्ड रूममध्ये गेलो. क्लार्कनं धुळीतून फाइल काढली आणि तू उभ्यानंच एकेक पान उलटलंस. त्या तारखेच्या पानावर रक्त चढवलं तेवढं लिहिलेलं होतं, वेळ आणि पिशवीचा नंबर. परत गेलेल्या पिशवीचा एक शब्द नाही. पिवळे कागद पेशंटच्या फाइलीत लावत नाहीत आणि तीन वर्षांनी नष्ट करतात, असं क्लार्कनं सांगितलं.

तू फाइल मिटलीस आणि म्हणालास, "म्हणजे तू आता तोंड उघडलं नसतंस, तर मला वेडा ठरवायला हे पान पुरेसं होतं."

मी तोंडावर हात ठेवला. "अरे देवा, काहीच नाही लिहिलं?" असं म्हटलं. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. सात वर्षांनी.

नंतर स्टेशनवर, गाडी हलायच्या आधी, तू खिडकीतून विचारलंस, "ताई, आणखी काही?" मी नाही म्हटलं. तू म्हणालास, "बरं. विश्वास बसला असं नाही म्हणत. पण आता विचारायचं काही उरलं नाही." मी हात हलवला. 

आणखी आहे.

त्या पानावर काही लिहिलेलं नाही हे मला माहीत होतं. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घरी माणसं जमत होती तेव्हा मी "कागदांवर सह्या करून येते" म्हणून तासभर बाहेर गेले होते. हॉस्पिटलात गेले. बाबांची फाइल अजून वॉर्डातच होती. मी ते पान काढून वाचलं, पिशवीबद्दल कुणी काही लिहिलंय का ते बघायला. नव्हतं लिहिलं. मला हायसं वाटलं. दुपारी तू सगळ्यांसमोर विचारलंस तेव्हा तुला भ्रम झालाय असं मी एवढ्या ठामपणे म्हणू शकले, ते त्या पानाच्या जोरावर. तू कधी शोधायला गेलास तरी तुला काही सापडणार नाही, याची मी आधीच खात्री करून आले होते.

रेकॉर्ड रूममध्ये मी तोंडावर हात ठेवला ते नाटक होतं. तू पाठीवर हात ठेवलास तो त्या नाटकावर. तो तुला परत घ्यायचा असेल तर घे.

हे लिहिलं नसतं तर तुला कधीच कळलं नसतं. कुणी पाहिलं नव्हतं, कुठे नोंद नाही, कुणाला त्रासही झाला नसता. आमच्या नव्या नियमातसुद्धा हे बसत नाही. आईला आज सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "त्याला लिही. मला सांगून सुटू नकोस."

म्हणून लिहिलं. आता तू पुन्हा "आणखी काही?" असं विचारलंस तर मी नाही म्हणेन, आणि या वेळी ते खरं असेल. ते मानायचं की नाही ते तू ठरव. फोन आलाच तर मी उचलेन.

ताई